कंग्राळीतला ३० बाय ४० चा प्लॉट: नव्या झोनिंगची वाट बघायची की बांधायला घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, नंतर येणाऱ्यांना सोपं पडेल. बेळगावजवळ कंग्राळी बुद्रुकला वडिलांच्या नावावर ३० बाय ४० चा प्लॉट. खाली दुकानगाळा, वर दोन मजले घर, असा विचार. बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) आराखडा आणि बांधकामाचे नियम बदलणार असं कानावर आलंय. महाराष्ट्रातल्या चंदगडचे मावसभाऊ म्हणतात, नव्या नियमात भरपूर एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) मिळतो, जरा थांबा. गवंडी म्हणतो, नियम यायच्या आत स्लॅब टाकून मोकळे व्हा. ऐकायचं कुणाचं?

माझं मत विचाराल तर दोघांचंही नको.

मावसभाऊ खोटं बोलत नाहीत. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर नावाची एकत्रित नियमावली आहे. प्रीमियम भरून, टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क) घेऊन तिथे बांधकाम वाढवता येतं. पण शिनोळी सोडून कर्नाटकातल्या बाचीत शिरलात की ती नियमावली संपली. मराठीत शोधलं की पुण्या-कोल्हापूरचीच माहिती समोर येते, म्हणून आपल्या भागात हा घोळ कायमचा आहे. आपल्याला लागू आहे तो १९६१ चा कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, त्याखाली झालेला आराखडा आणि त्या आराखड्याला जोडलेले झोनिंगचे (कुठल्या पट्ट्यात काय आणि किती बांधायचं याचे) नियम. एफएसआयला इथे एफएआर म्हणतात, हिशोब तोच. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर तुमच्या नकाशावर शिक्का इथलाच बसणार. दुसरा घोळ बेंगळूरच्या व्हिडिओंचा. बेंगळूरला २०२४ चा स्वतंत्र कायदा आहे. तिथली प्रत्येक सवलत बेळगावला लागू होते असं धरून चालू नका.

गवंड्याचा सल्ला जास्त महागात पडणारा आहे. अर्ज दिला म्हणून जुना नियम आपल्याला चिकटून राहत नाही. मंजुरीच्या दिवशी जो नियम असेल तो लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ च्या हावडा महापालिकेच्या प्रकरणात सांगितलंय. म्हणजे घाई करायचीच तर मंजुरीची करा, स्लॅबची नको. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात तर याच न्यायालयाने पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला बघूनच वीज, पाणी, ड्रेनेजचं कनेक्शन द्या असं बजावलं. त्यानंतर हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) काउंटरवर काय विचारतात ते नुकतंच घर बांधलेल्या कुणालाही विचारून बघा. ‘पुढे अक्रम-सक्रम होईल की’ हे वाक्यही गवंड्याच्या तोंडी असेलच. अनधिकृत बांधकामं दंड भरून नियमित करायच्या त्या योजनेत १९ ऑक्टोबर २०१३ पर्यंतचीच बांधकामं बसत होती, आणि जानेवारी २०१७ मध्ये तिला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. आज उभ्या राहणाऱ्या भिंतीचा त्या योजनेशी काही संबंध नाही.

आता तुमच्या प्लॉटकडे येऊ. आधी हद्द. बेळगाव म्हणजे एकच कार्यालय असं कधीच नव्हतं. शहरात मनपा. कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, त्यांचा २००६ चा वेगळा कायदा. मच्छे आणि पिरनवाडीला नगरपंचायत. कंग्राळी, हिंडलगा, येळ्ळूर, सुळगा इथे ग्रामपंचायत, पण डोक्यावर बुडाचं नियोजन क्षेत्र. ‘पंचायतीने ठराव दिलाय, झालं’ असं तिथे म्हणता येत नाही, कारण लेआउटला (प्लॉट पाडायच्या नकाशाला) मंजुरी नियोजन प्राधिकरणाचीच लागते. निपाणी, खानापूरच्या मंडळींनी यातलं बेळगावचं नाव काढून आपापलं प्राधिकरण कोणतं ते बघावं. खानापुरात शिवाय पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना आहे, जुलै २०२४ ला ती सहाव्यांदा निघाली. गावाचं नाव त्या यादीत आहे का ते आधी पाहा. सांबऱ्याच्या बाजूला विमानतळामुळे उंचीचं बंधन येतं, ते वेगळंच.

मग कागद. प्लॉट ‘वडिलांच्या नावावर’ आहे असं लिहिलंय, पण कशाच्या जोरावर? शेताच्या उताऱ्यात सामाईक नाव, की जिल्हाधिकाऱ्यांकडून भूमहसूल कायद्याच्या कलम ९५ खाली एनए (बिगरशेती) होऊन, बुडाची लेआउट मंजुरी, केजेपी (कमी-जास्त पत्रक) आणि मग तुमच्या प्लॉटचा स्वतंत्र नंबर? पंचायतीच्या ई-स्वत्तूमध्ये (मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीत) नमुना ९ सोबत ११-अ आहे की नुसता ११-ब, हेही बघा. ११-ब असेल तर कर भरता येतो, पण मंजूर लेआउटमधला प्लॉट असा त्याचा अर्थ नाही. शहरात २०२५ मध्ये अनधिकृत मिळकतींना बी-खाता द्यायला सुरुवात झाली, त्याचंही तसंच: मिळकत नोंदीत आली, कायदेशीर झाली नाही. आणि शंभराच्या बॉन्डवर (नोंदणी न करता, नुसत्या स्टँप पेपरवर) घेतलेला प्लॉट असेल, बेळगावच्या चारी बाजूंना असे किती आहेत हे मी सांगायला नको, तर झोनिंग बदलतंय की नाही हा तुमचा प्रश्नच नाही. एक वीटही लावू नका, आधी वकील गाठा.

कागद साफ असतील असं धरून पुढे जातो, कारण खरी गंमत इथून आहे. सगळे एफएआर किती वाढणार म्हणून विचारतात. छोट्या प्लॉटला त्याने फारसा फरक पडत नाही. हिशोब करून दाखवतो. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, नियमातले नाहीत.

३० बाय ४० म्हणजे १,२०० चौरस फूट. चारी बाजूंनी एक मीटर, म्हणजे ३.२८ फूट, मोकळं सोडायचं झालं तर बांधायला उरतात साधारण २३.४ बाय ३३.४, म्हणजे ७८४ चौरस फूट. तळमजला धरून तीन मजले केले की २,३५२. एफएआर १.७५ असेल तर मुभा २,१०० ची, म्हणजे तिसरा मजला थोडा कमी करावा लागेल. समजा नव्या नियमात एफएआर २.५ झाला. मुभा ३,००० ची झाली, पण तुमचे तीन मजले २,३५२ वरच थांबले. वरचे साडेसहाशे फूट वापरायचे तर चौथा मजला हवा, त्याला उंचीची परवानगी हवी, पार्किंग हवं. या वाढीव आकड्याचा फायदा दहा-बारा गुंठ्यांवर अपार्टमेंट काढणाऱ्याला.

तुमचं नुकसान-फायदा ठरतो तो सेटबॅकवर (चारी बाजूंनी सोडायच्या मोकळ्या जागेवर) आणि रस्त्याच्या रुंदीवर. आज समोरचा रस्ता सहा मीटरचा आहे आणि आराखड्यात तो नऊ मीटरचा दाखवला, तर दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जाणार. तुमचे पुढचे सुमारे ४.९ फूट, म्हणजे १४८ चौरस फूट जागा गेली. सेटबॅक आता नव्या रेषेपासून मोजायचा. मजल्यामागे ११५ फूट घटले, तीन मजल्यांचे मिळून ३४५. एक मोठी खोली आणि स्वयंपाकघर गेलं की! म्हणून आराखड्याच्या नकाशावर आपला सर्व्हे नंबर सापडला की आधी रंग बघा (पिवळा राहण्यासाठी, निळा व्यापार, जांभळा उद्योग, हिरवा बाग किंवा शेती), पण त्याहून जास्त वेळ रस्त्याच्या रेषेवर घालवा. जागेवर टेप लावून मोजलेली रुंदी आणि नकाशावरची रुंदी सारखी असेलच असं नाही.

आराखडा बदलण्याची रीत १९६१ च्या नियोजन कायद्यात आहे. कलम १३-डी प्रमाणे दहा वर्षांतून एकदा तरी फेरआढावा घ्यायचा असतो. सरकारची तात्पुरती मंजुरी मिळाली की मसुदा प्रसिद्ध होतो आणि लोकांना साठ दिवस मिळतात. तुमचं-माझं म्हणणं चालतं ते या साठ दिवसांत. नंतर कलम १४-अ खाली वापरबदलाचा अर्ज करता येतो, पण तो एकेकट्याचा, फी भरून आणि चपला झिजवून. बायपास, रिंगरोडच्या वेळी आपली माणसं रस्त्यावर उतरली ते बरोबरच होतं, पण आराखड्याचा मसुदा लागतो तेव्हा तो बघायला फारसं कुणी जात नाही याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

हरकत लिहिताना ‘आमच्यावर अन्याय’ असं मोघम लिहू नका. सर्व्हे किंवा सीटीएस (शहर भूमापन) नंबर, मसुद्यातलं पान किंवा शीट, तिथे काय दाखवलंय, काय हवं आणि का, एवढंच. पोच घ्या. हरकत कन्नड किंवा इंग्रजीत द्या आणि मराठी प्रत सोबत जोडा. मराठी कागदपत्रांची मागणी मीही सोडलेली नाही, पण ती वेगळ्या अर्जात. रस्त्याच्या हरकतीत भाषेचा वाद घातला की दोन्ही बाजूला पडतात.

आणि फक्त आपल्या प्लॉटपुरतं लिहू नका. मला विचाराल तर बेळगावच्या नियमांत तीन गोष्टी मागायला हव्यात.

खासबाग, वडगाव, शहापुरात विणकरांच्या घरातच पॉवरलूम आहेत. माग पुढच्या खोलीत, संसार मागच्या. निवासी पट्ट्यात किती अश्वशक्तीपर्यंतचा घरगुती उद्योग चालतो हे झोनिंगच्या परिशिष्टात लिहिलेलं असतं. त्या एका ओळीवर किती घरांची चूल अवलंबून आहे याचा बेंगळूरच्या टेबलावर कुणाला अंदाज नसतो. मसुदा आला की विणकरांनी पहिल्यांदा ते परिशिष्ट उघडावं.

दुसरी जुन्या गल्ल्यांची. गणपत गल्ली, मारुती गल्लीसारख्या भागातली अरुंद आणि लांबट घरं, भिंतीला भिंत. बारा-पंधरा फूट रुंदीच्या घराला दोन्ही बाजूंनी सेटबॅक सोडा म्हटलं तर राहायचं कुठे? मग लोक ‘दुरुस्ती’च्या नावाखाली अख्खं घर नवं बांधतात आणि परवानगीच्या वाटेला जात नाहीत. अशा ठिकाणी बाजूची जागा मागण्यापेक्षा मध्ये उघडा चौक आणि मागे परडं सक्तीचं करावं. उजेड-वारा त्यातूनच येतो, जुन्या वाड्यांत येतच होता. पुढची रेषा मात्र गल्लीभर एकच आणि कायमची ठरवून द्यावी, दर आराखड्याला हलवू नये.

तिसरी पाण्याची. बळ्ळारी नाल्याकाठचं शहापूर, वडगाव, येळ्ळूरचं शिवार दर पावसाळ्यात पाण्याखाली जातं. तिथे भराव टाकून प्लॉट पाडले की पाणी शेजारच्या भातात शिरतं. नाल्याची मोकळी पट्टी नकाशावर मीटरमध्ये आखून मागा. ‘आवश्यक ते अंतर’ या शब्दांना काही अर्थ नसतो.

राहिला तुमचा गाळा. निवासी पट्ट्यात छोटं दुकान साधारणपणे चालतं, क्षेत्रफळ आणि रस्त्याच्या रुंदीची अट असते. शटर, पायऱ्या आणि छज्जा सेटबॅकमध्ये धरून गाळा मोठा दाखवायची युक्ती आर्किटेक्टने सुचवली तर नको म्हणा, भोगवटा दाखला तिथेच अडतो.

मला त्यापेक्षा काळजी खांबांची वाटते. खाली शटरसाठी भिंतीविना मोकळा मजला आणि वर विटांच्या भिंतींचे दोन मजले, ही रचना भूकंपात सगळ्यात आधी खालच्या मजल्यात मोडते. बेळगाव भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येतं (भारतीय मानक आयएस १८९३, २०१६ ची आवृत्ती), आणि तिसऱ्या विभागापासून आयएस १३९२० प्रमाणे सळ्यांची बांधणी करायची असते. त्यात खांबाच्या रिंगचं टोक १३५ अंशात आत वळवायचं, गवंडी सवयीने ९० अंशातच वाकवतो. रिंगा खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला जवळजवळ हव्यात. गाळ्याच्या मागच्या आणि बाजूच्या भिंती पूर्ण ठेवा, पुढेच काय ते मोकळं. परवानगीच्या फाईलला जोडायला स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आणतात, तोच इंजिनिअर काँक्रीट ओतायच्या आधी साइटवर येऊन लोखंड बघणार आहे का, हे त्याची फी ठरवतानाच लिहून घ्या.

उताऱ्याची आणि ई-स्वत्तूची प्रत नावं, नंबर झाकून इथे टाका, पुढचं बघून सांगतो.