कारागृहातील वर्ग कोणी चालवावा?

प्रिय स्नेही,
सप्रेम आशीर्वाद.

कारागृहातील शिक्षण सरकारने द्यावे की खासगी संस्थेकडे सोपवावे, या विषयावर टिपण लिहायला घेतल्याचे तुझ्या पत्रावरून कळले. मालकीच्या वादात शिरण्याआधी एक कर: शिकवणाऱ्या संस्थेला पैसे नेमके कशाचे मिळतात, ते करारात वाच.

देयक उत्तीर्णांच्या संख्येवर निघत असेल, तर संस्था साहजिकच चार आठवड्यांचे अभ्यासक्रम आखते आणि आधीच लिहितावाचता येणारे बंदी निवडते. ज्याला पाटीवर स्वतःचे नाव गिरवायलाच सहा महिने लागणार, तो तिच्या हिशेबात तोट्याचा ठरतो. म्हणून सरकारी वर्गात सारे आलबेल असते, असे मात्र समजू नकोस. मी शिकवत असे तेथे शिक्षक कारागृहाच्याच आस्थापनेवर होते, आणि पहारेकरी कमी पडले की सर्वांत आधी वर्ग बंद होई. अपूर्णांकांपर्यंत पोहोचलेल्या एका बंद्याला मध्येच दुसऱ्या कारागृहात हलवले. त्याची वही माझ्या कपाटात राहिली, आणि नव्या ठिकाणी त्याला पुन्हा बेरजेपासून बसवल्याचे मला पुढे कळले.

बंद्यांना कसे वागवावे याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या नेल्सन मंडेला नियमांपैकी १०४वा नियम याच दुखण्यावर बोट ठेवतो. निरक्षर आणि तरुण बंद्यांचे शिक्षण सक्तीचे असावे आणि सुटकेनंतर ते विनासायास चालू ठेवता यावे, यासाठी शक्य तेथवर ते देशाच्या शिक्षणव्यवस्थेशी जोडावे, असे तो सांगतो. नॉर्वेत बंद्यांना शिकवणारा शिक्षक कारागृहाचा नोकर नसतो, बाहेरच्या शाळेचा असतो. अमेरिकेने १९९४ साली बंद्यांसाठी बंद केलेले पेल अनुदान, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी मिळणारी केंद्र सरकारची मदत, जुलै २०२३पासून पुन्हा खुले केले, तेव्हा नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था वगळल्या, ना-नफा खासगी महाविद्यालयांना मात्र सरकारी महाविद्यालयांच्या रांगेत बसवले, आणि मिळालेले श्रेयांक (क्रेडिट) कारागृह ज्या राज्यात आहे तेथील निदान एका संस्थेत ग्राह्य असावेत, अशी अट घातली. चर्चा नफ्याचीच अधिक होते. मला ही शेवटची अट अधिक मोलाची वाटते.

तेव्हा हलवलेल्या बंद्याची वही कोणाच्या जबाबदारीवर त्याच्यामागे जाते, हे प्रत्येक करारात शोध. तसे कलम सापडले नाही, तर मालकीवरचा मजकूर तूर्त बाजूला ठेवून त्या उणिवेवरच लिही. पहिला खर्डा झाला की पाठव, आणि समास रुंद सोड.