थर्मल आणि नाईट व्हिजन एकत्र वापरायचंय? आधी हे वाच

हे बघ, दोन्हीपैकी एकच घेऊन भागवायचा विचार करू नकोस, कारण दोघांची कामं वेगळी आहेत. थर्मल उपकरण उष्णता बघतं, म्हणजे साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे इन्फ्रारेड किरण, त्यामुळे झुडपात अर्धवट लपलेला ससा पण पांढरा ठिपका होऊन लगेच उठून दिसतो, पण तो ससाच आहे की दुसरं काही हे लांबून कळत नाही, ते ओळखायला नाईट व्हिजन, म्हणजे अंधुक प्रकाश वाढवून दाखवणारं उपकरण. माझं ऐकशील तर नाईट व्हिजन डोक्यावर एका डोळ्यासमोर लाव आणि थर्मल हातात ठेव, म्हणजे चालताना खड्डे, फांद्या, तारा दिसत राहतात आणि थांबलास की थर्मल फिरवून शोधायचं. थर्मलच्या स्क्रीनचा ब्राइटनेस अगदी कमी ठेव हं, नाहीतर अंधाराला सरावलेला डोळा गेलाच समज!

काचेतून थर्मल चालत नाही, गाडीची खिडकी खाली करावीच लागते. आणि ट्यूबवालं (प्रकाश वाढवणारी ट्यूब असलेलं, डिजिटल नव्हे) नाईट व्हिजन दिवसा कॅप काढून चालू करू नकोस, प्लीज, ट्यूब कायमची खराब होऊ शकते. अगदी काळोख असेल तर नाईट व्हिजनला आयआर (इन्फ्रारेड) टॉर्च लागेल, ८५० नॅनोमीटरवाल्याचा प्रकाश लांब जातो पण समोरून हलका लाल दिसतो, ९४० चा दिसत नाही.