रणगाड्यातला माणूस धारातीर्थी पडतो का?

परभणी जिल्ह्यातल्या एका गुरुजींनी विचारलंय. १६ डिसेंबरच्या विजय दिवसाला शाळेच्या दर्शनी फळ्यावर सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांची माहिती लिहायचीय, गुरुजींनी 'धारातीर्थी पडले' असं लिहिलं तर एक सहकारी म्हणायलेत की धारातीर्थ तलवारीचं असतंय, हा माणूस रणगाड्यात गेला, तिथं कुठली आली धार, सरळ 'शहीद झाले' लिहा. दुसरे म्हणायलेत शहीद उर्दू आहे, 'हुतात्मा' लिहा. मग लिहायचं काय?

गुरुजी, धारातीर्थी खुशाल लिहा. सहकाऱ्यांनी शब्द बरोबर फोडलाय, धारा म्हणजे तलवारीची धार, आणि काशीला देह ठेवल्यावर जे पुण्य ते त्या धारेवर देह ठेवल्यानं, म्हणून तिलाच तीर्थ म्हटलं. पण शब्द असा फोडून वापरायचा म्हटलं तर कठीण होईल. खेत्रपाल ज्या रेजिमेंटचे होते तिचं नाव पूना हॉर्स, १७ हॉर्स. १९७१ ला तिच्यात एक घोडा नव्हता, सगळे सेंच्युरियन रणगाडे होते, तरी नाव हॉर्सच, आणि रणगाड्यातल्या साध्या सैनिकाला आजही सवार म्हणतात, वरच्याला दफेदार, त्याच्या वर रिसालदार. रिसाला म्हणजे घोडदळ हे हिंगोलीकरांना सांगायची गरज नाही, छावणी उठून शंभर वर्षं उलटली तरी तिथं रिसाला बाजार हायेच. फौजेनं घोडं नावातून काढलं नाही, मग आपण शब्दातून तलवार कशाला काढायची? फक्त 'धारातिर्थी' लिहू नका, त्यातली 'ती' दीर्घ आहे, आणि 'धारातीर्थावर पडले' असंही एकदोन ठिकाणी वाचलंय ते तर काहीच्या काही.

तरीपण मला विचाराल तर खेत्रपालांसाठी याहून नेमकं क्रियापद मराठीत आहे. 'वीरमरण आलं' आणि 'वीरमरण पत्करलं' हे दोन आपण एकसारखेच वापरतो, पेपरवाले तर एकाच बातमीत दोन्ही. पण येणं वेगळं अन् पत्करणं वेगळं. रात्री चौकीवर तोफगोळा पडला आणि झोपेत माणूस गेला तर त्याला वीरमरण आलं. पत्करण्यासाठी दुसरी वाट उघडी असावी लागते, आणि ती असताना माणसानं ही धरावी लागते. आता १६ डिसेंबर १९७१ चं बघा. पाकिस्तानातल्या शकरगड भागात बसंतर नदीपलीकडं आपल्या फौजेनं जागा धरलेली, सुरुंग काढून वाट केलेली, आणि पाकिस्तानचे रणगाडे ती जागा परत घ्यायला जरपाल गावाच्या बाजूनं चालून आले. खेत्रपाल तेव्हा २१ वर्षांचे, जून १९७१ मध्येच कमिशन मिळालेलं, म्हणजे अधिकारी होऊन जेमतेम सहा महिने, त्यातही नगरला आर्मर्ड कोअरच्या शाळेत कोर्स चालू होता तो अर्धवट सोडून लढाईला गेलेले. त्यांच्या रणगाड्यावर गोळा बसला, आग लागली, वायरलेसवर हुकूम आला की गाडी सोडून बाहेर पड. त्यांनी कळवलं की सोडणार नाही, माझी तोफ अजून चालतीय. आणि ती चालवली. त्या लढाईत चार रणगाडे त्यांनी स्वतः फोडले असं परमवीर चक्राच्या मानपत्रात आहे. नंतर परत गोळा बसला त्यात गेले.

हुकूम बाहेर पड असा होता. म्हणजे वाट उघडी होती. म्हणून इथं 'पत्करलं' हा शब्द पोकळ नाही, अक्षरशः घडलेली गोष्ट आहे, आणि फळ्यावर मी तोच लिहीन.

शहीद उर्दू आहे म्हणून नको, हे मात्र आपल्या मराठवाड्यात बसून म्हणू नये. मुळात शब्द अरबी, साक्ष देणं या अर्थाच्या धातूचा, शहादत म्हणजे साक्ष पण अन् बलिदान पण. आपल्याकडं कचेरी, तहसील, दप्तर, फिर्याद सगळं त्याच वाटेनं आलं, आमच्या मागच्या पिढीतले किती जण उर्दूतून शिकलेले. शहीद भगतसिंग म्हणताना कुणाची जीभ अडत नाही. माझी हरकत दुसरीच आहे. लष्कराच्या कागदोपत्री शहीद हा अधिकृत शब्द नाही, सरकारनं संसदेतही तसं सांगितलंय, आणि दुसरं म्हणजे हल्ली तो इतका सरसकट झालाय की त्यानं माणूस कसा गेला हे काहीच कळत नाही. 'शहीद जवान' तर छापाचा शिक्काच झालाय, गेलेला मेजर असो नाहीतर लेफ्टनंट.

हुतात्म्याचं आपल्याकडं वेगळं आहे. हुत म्हणजे होमात अर्पण केलेलं, शब्द चांगला, सावरकरांनी रूढ केला म्हणतात. पण मराठवाड्यात हुतात्मा म्हटलं की कान जातो रझाकारांच्या काळाकडं, १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाकडं, गोविंदराव पानसरे, बहिर्जी शिंदे या नावांकडं. वसमतच्या कॉलेजचं नावच बहिर्जी स्मारक. ही माणसं वर्दीतली नव्हती, पगारी नव्हती, निजामाच्या राज्यात राहून निजामाविरुद्ध उठलेली. सैनिकाला हुतात्मा म्हणणं चूक नाही, सगळीकडं म्हणतात, पण आपल्या पोरांच्या डोक्यात हे दोन वेगळे राहिलेले बरे.

'वीरगतीस प्राप्त झाले' नकोच नको. हिंदी वाक्य उचलून आणलंय, प्राप्त व्हायची ती गती, माणूस नाही. बखरीतलं 'कामास आले' मला फार आवडतं, काही फुलवून न सांगता सांगणारं, पण आजच्या पोराला 'कामी आले' म्हणजे उपयोगाला आले एवढंच कळणार, त्यामुळं सोडा.

ह्यात वीरगळ आठवतात, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड. आपल्याकडं कितीतरी गावांत मारुतीच्या देवळापाशी उभे असतात, लोक शेंदूर लावून देव म्हणून पुजतात. बहुतेकांवर नाव नाही, पदवी नाही, एक अक्षर नाही. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा त्याला वर न्यायलेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय. गायी सोडवताना गेला असेल तर खाली गायी कोरलेल्या. म्हणजे कसा पडला ते आधी. फळ्यावर पण तोच क्रम धरा, विशेषणं नंतर सुचली तर बघू.

माझ्या हिशोबानं मजकूर असा: 'सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, १७ पूना हॉर्स. जन्म पुणे, १४ ऑक्टोबर १९५०. बसंतरच्या लढाईत रणगाडा पेटल्यावरही तो सोडायला नकार देऊन लढत राहिले आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी वीरमरण पत्करलं. मरणोत्तर परमवीर चक्र.' सेकंड काढू नका, ते पद आता सैन्यात राहिलं नाही म्हणून तर मुद्दाम ठेवा, पोरं विचारतील. 'परमवीर चक्र विजेते' पण नको, ते शर्यतीत जिंकायचं नसतं, 'मानकरी' म्हणा नाहीतर वर लिहिलंय तसं नुसतं ठेवा. आणि 'अमर रहे' हिंदी आहे का म्हणून कुणी खुसपट काढलं तर ऐकू नका, ती घोषणा आहे, फळ्यावर लिहायची नाही, पोरांना मैदानात ओरडू द्या.