आधी देवावरचा विश्वास पक्का व्हायला हवा की आधी त्याची आज्ञा पाळायला सुरुवात करायची?

प्रश्न मनापासून विचारलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही म्हणताय की रविवारी उपासनेत मन भरून येतं पण सोमवारी ऑफिसात पाय ठेवला की सगळं ओसरतं, तिथे सगळेच प्रवासखर्चाची फुगवलेली बिलं लावतात आणि तुम्हीही लावता, घरी वडिलांच्या घराच्या वाटणीवरून मोठ्या भावाशी बोलणं बंद आहे, आणि तुम्ही थांबलाय की एकदा विश्वास मजबूत झाला की मग हे सगळं सरळ करता येईल. माझं सरळ मत सांगते, ते थांबणं आधी सोडा.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 17 वा अध्याय काढून वाचा. शिष्य प्रभूला म्हणतात आमचा विश्वास वाढवा. हे ते कधी म्हणतात बघा, भावाने दिवसातून सात वेळा अपराध केला आणि सात वेळा येऊन पश्चात्ताप होतोय म्हणाला तरी त्याला क्षमा कर, असं येशूने नुकतंच सांगितलेलं असतं. म्हणजे विषय तुमचाच, भावाचाच. ते ऐकून ते घाबरतात आणि जास्त विश्वास मागतात. आणि प्रभू काय करतो, तर मोहरीच्या दाण्याएवढा पुरे म्हणतो आणि लगेच नांगरून घरी आलेल्या चाकराची गोष्ट सांगतो, जो दमलेला असला तरी कंबर बांधून जेवण वाढतो. विश्वासाचं मोजमाप करत बसायला तो त्यांना वेळच देत नाही, कामाला लावतो.

मला स्वतःला काना गावातलं लग्न फार जवळचं वाटतं, योहान 2. तिथे द्राक्षारस संपलाय, येशूची आई मरिया चाकरांना एवढंच सांगते की हा जे सांगेल ते करा. सहा दगडी रांजण, एकेकात दोन-तीन मण पाणी मावणारे. येशू म्हणतो पाण्याने भरा. नळ नाही, पंप नाही, ऐन लग्नाच्या गडबडीत कुणीतरी खेपा घातल्या असतील, आणि कशासाठी हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तरी त्यांनी काठोकाठ भरले. मग त्यातलंच काढून भोजनकारभाऱ्याकडे न्यायला सांगितलं, तेही त्यांनी नेलं, आणि मला वाटतं सगळ्यात अवघड तेच असणार कारण पाणी घेऊन त्या माणसासमोर उभं राहायचं होतं! पुढे एक छोटं वाक्य आहे जे वाचताना निसटून जातं, की हा रस कुठून आला ते कारभाऱ्याला माहीत नव्हतं पण पाणी काढणाऱ्या चाकरांना माहीत होतं. पंगतीतले सगळे प्यायले, पण काय झालं हे कळलं ते पाणी वाहणाऱ्यांना. रोजच्या आयुष्यात विश्वास असाच येतो असं माझं ठाम म्हणणं आहे, सांगितलेलं काम करणाऱ्याला आतली गोष्ट कळते.

आपल्याच मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं बघा. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्या शारदा सदनासाठी अमेरिकेतून मदत येत होती पण ती उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होती, या नवीन मुलींच्या जेवणाखाण्याची हमी कुणी दिलेली नव्हती. पण त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण आधीच्या दुष्काळात गेलेले, भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुण्याजवळ केडगावला जमीन होती, तिथे या मुली-बायकांसाठी मुक्ती हे आश्रयस्थान उभं राहिलं. आणि त्यांचा विश्वास दिसतो कशात तर धान्य, विहिरी, शेती, छापखाना यांत. शिवाय हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं, वर्षानुवर्षं रोज बसून, शेवटी शेवटी कान गेलेले, एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली वारलेली, तरी काम सोडलं नाही. 1922 मध्ये त्या गेल्या आणि पूर्ण बायबल 1924 ला बाहेर आलं. आम्ही लहानपणी मुक्तीला जायचो तेव्हा हे ऐकायचो, पण घर-संसार सुरू झाल्यावर मला ते खरं कळायला लागलं.

आता एक गोष्ट जी स्पष्ट बोलायलाच हवी. आज्ञापालन म्हटलं की काही मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, त्याचा अर्थ पाळक (पास्टर) सांगतील ते निमूट ऐकायचं असा होतो, कुणाशी लग्न करायचं, दान किती द्यायचं, नवरा मारतो तरी सहन करायचं कारण वचनात अधीन राहा असं आहे. हे मला अजिबात मान्य नाही. पेत्र आणि प्रेषितांनी धर्मसभेतल्या मोठमोठ्या लोकांसमोर उभं राहून सांगितलं की माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, प्रेषितांची कृत्ये 5. पाळकांचा मान ठेवा, सल्ला घ्या, पण त्यांचं सांगणं वचनाशी ताडून बघा. आणि मारहाण होत असलेल्या बहिणीला आधी सुरक्षित जागी न्यायचं, वचनं नंतर.

दुसरं म्हणजे हा सौदा नाहीये. आमचं टाइल्सचं दुकान आहे, या धंद्यात रोज एकतरी गिऱ्हाईक म्हणतं ताई कच्चं बिल द्या, जीएसटी कशाला लावता. टाइल्सवर 18 टक्के आहे, अख्ख्या बंगल्याची फरशी असेल तर आकडा मोठा होतो. आम्ही पक्कंच बिल देतो. मागे एक मोठी ऑर्डर अशीच गेली, त्या माणसाने सगळं सिलेक्शन आमच्याकडे बसून केलं, यांनी दोनदा चहा पाजला, बॉक्स मोजून झाले आणि बिलावर येऊन अडलं, तो उठला आणि दुसरीकडून घेतलं. परत आला नाही. दुसरं मोठं गिऱ्हाईकही देवाने लगेच पाठवलं नाही, त्या महिन्यात मुलाच्या क्लासची फी उशिरा भरली. साक्ष देताना लोक सहसा शेवट गोड झालेल्याच गोष्टी सांगतात म्हणून ही मुद्दाम लिहिली. दानीएल 3 मध्ये मूर्तीला नमन केलं नाही तर आगीच्या भट्टीत टाकीन अशी धमकी मिळालेले ते तिघे राजाला म्हणाले ना, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. त्या "नाही सोडवलं तरी" मध्ये सगळा विश्वास आहे. घर चाललं, आम्ही उपाशी राहिलो नाही, आणि पुढच्या वेळी नाही म्हणताना यांचा आवाज बदलला नाही.

रोजचं म्हणाल तर मी फार काही करत नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी शुभवर्तमानातला छोटा भाग वाचते आणि त्यात आज करता येईल असं काय आहे तेवढंच बघते, कुणाचे पैसे द्यायचेत, कुणाला फोन करायचाय, कुणाबद्दल मागे बोलणं थांबवायचंय. देवाची माझ्यासाठी गुप्त योजना काय हे शोधत बसण्यापेक्षा जे आधीच स्वच्छ लिहून ठेवलंय ते पुष्कळ आहे. नाहीच मन तयार झालं तर मार्क 9 मधल्या त्या पीडित मुलाच्या बापासारखं म्हणायचं, प्रभू माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. ही प्रार्थना प्रभूने नाकारली नाही, मुलगा बरा केला.

बिलांचं, या महिन्यापासून खरा आकडा टाका आणि सहकाऱ्यांना त्यावर भाषण देऊ नका, कुणी विचारलं तर मला असं बरं वाटतं एवढंच सांगा. मागचे पैसे परत करायचे का याबद्दल माझं मत हो असं आहे, लूक 19 मधला जकातदार जक्कय नुसता रडला नाही, त्याने परत केलं. पण नोकरीवर काय परिणाम होईल हे तुम्हाला जास्त कळतं, त्यामुळे आधी मंडळीतल्या एखाद्या जाणत्या आणि तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाशी बोला.

आणि भाऊ. मत्तय 5 मध्ये वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय, म्हणून चर्चमधल्या पुढच्या प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) आधी फोन लावा. वाटणीचा विषय पहिल्या फोनमध्ये काढू नका, त्यांनी काढला तर दादा ते आपण समोर बसून बोलू म्हणा. वहिनींची तब्येत विचारा, मुलांचं विचारा, तुमच्याकडून जे कडू बोललं गेलं तेवढ्याचीच माफी मागा, त्यांचं काय चुकलं ते सांगायला जाऊ नका. उचलला नाही तर साधा मेसेज टाका आणि चार-पाच दिवसांनी परत लावा.