आधी आपल्याच बाजूचं भांडण बघ

टिळकवाडी, बेळगाव

पोरी,

तुझ्या प्रबंधातलं व्यापार करारांवरचं प्रकरण वाचलं. परवा फोनवर आवाज रडवेला होता, म्हणून तेव्हा काही बोललो नाही. ‘आयात शुल्कावर एकमत न झाल्याने करार रखडला’ हे वाक्य पानापानावर आहे. गाइडना ते पसंत आहे, तुला नाही, आणि त्याजागी काय लिहायचं ते सुचत नाही. मग ऐक. देशांच्या दोन गटांतला करार बहुतेक वेळा समोरच्यामुळे अडत नाही. आपल्याच गटात कोण आडवा पडलाय, ते बघ.

युरोपीय संघ आणि मर्कोसूर, म्हणजे ब्राझील, उरुग्वे वगैरे दक्षिण अमेरिकी देशांचा गट, हे घे. वाटाघाटी करायचं ठरलं १९९९ मध्ये, तत्त्वतः समझोता जून २०१९ मध्ये, मग पुन्हा घासाघीस, आणि ६ डिसेंबर २०२४ ला मोंटेव्हिदिओत बोलणी संपल्याचं जाहीर झालं. सनावळी तू नीट उतरवलीस, पण गोमांसाचा कोटा एका ओळीत उरकलास! मर्कोसूरकडून युरोपात ९९,००० टन, साडेसात टक्के शुल्काने, तेही टप्प्याटप्प्याने. युरोपच्या उत्पादनाच्या दीड टक्क्याच्या आसपास. एवढ्यासाठी फ्रान्सचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर का उतरतो? मोटारी विकायला निघालेला जर्मनी आणि गोठा सांभाळणारा फ्रान्स एकाच संघात बसतात. फायदा एकाच्या पदरात, धास्ती दुसऱ्याला. ॲमेझॉनच्या जंगलतोडीची काळजी खोटी नाही, पण ज्यांना करार नकोच होता त्यांना ती आयतीच सापडली, असं माझं मत. पलीकडेही तेच. लुला सरकारने सरकारी खरेदीचं कलम पुन्हा उघडायला लावलं ते ब्राझीलच्या उद्योगांसाठी. उरुग्वेला चीनशी स्वतंत्र करार हवा होता, आणि मर्कोसूरचा नियम म्हणतो, शुल्कसवलतीची बोलणी सगळ्यांनी मिळून करायची.

हे कळायला ब्रुसेल्स गाठावं लागत नाही गं. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ऊस परराज्यात न्यायला बंदी घातली होती. बंदी सोयीची होती तिथल्या कारखान्यांच्या, गाळपाला ऊस कमी पडेल म्हणून. विरोधाला उभे राहिले तिथलेच शेतकरी, कारण कर्नाटकातला कारखाना गिऱ्हाईक म्हणून उरला नाही तर दर कोण देणार? थोड्याच दिवसांत आदेश मागे घ्यावा लागला. निपाणीकडचा शेतकरी राज्याची हद्द बघत नाही. तोडीची टोळी आधी कुणाची येते आणि काट्यावर कोण कमी मारतो, एवढंच बघतो. यात कर्नाटक विरुद्ध महाराष्ट्र कुठे आहे, दाखव मला.

‘सर, हे लिहू देणार नाहीत,’ म्हणशील. ठाऊक आहे. मलाही दिलं नव्हतं. ‘अंतर्गत राजकारण अर्थशास्त्राच्या प्रबंधात नको, ते प्रकरण काढा,’ माझे गाइड म्हणाले. काढलं असतं तर नावामागे डॉक्टर लागलं असतं, पगारही वाढला असता. नाही काढलं. हळहळ होते, नाही कशाला म्हणू? पण प्रकरण बरोबर होतं. आखाती सहकार्य परिषदेवर, म्हणजे सौदी अरेबिया वगैरे आखाती देशांच्या गटावर, लिहिलं होतं मी. युरोपशी त्यांची बोलणी १९९० ची. युरोपचं म्हणणं, आधी तुमच्यात सीमाशुल्क संघ होऊ दे, म्हणजे बाहेरच्या मालावर सगळ्यांचं एकच शुल्क. तो २००३ ला झाला, आणि तरीही २००८ ला बोलणी थांबलीच. हट्टी म्हणून मला नावं ठेवणाऱ्यांनी पुढे यावर एक ओळ तरी लिहिली का? जाऊ दे.

तू मात्र प्रकरण काढू नकोस आणि भांडतही बसू नकोस. शुल्काचे तक्ते आहेत तसे ठेव, गाइड खूश राहतील. त्यांच्याखाली प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना वाढव: गटातला कुठला देश, कुठला धंदा आडवा आला. गोमांस, साखर, मोटारी, सरकारी खरेदी, एवढ्यांपासून सुरुवात कर. भरायला कंटाळा येईल, येऊ दे.

आणि आसियानचं, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाचं, पान दुरुस्त कर. युरोपने २००७ ला सगळ्या गटाशी बोलणी सुरू केली, २००९ ला थांबवली, आणि मग एकेका देशाशी करार केले. सिंगापूरचा २०१९ ला लागू झाला, व्हिएतनामचा २०२० ला. कारण म्हणून तू पुन्हा शुल्कच लिहिलंयस. म्यानमारच्या लष्करी राजवटीचा उल्लेखसुद्धा नाही! सभासद देशांच्या परिस्थितीत किती अंतर होतं, तेही नाही. ते पान नव्याने लिही आणि रविवारी चारनंतर घेऊन ये.

तुझा,
सर