कॉमिक्सचं वेड नसताना मित्रासोबत बेंगळुरूच्या कॉमिक कॉनला जावं का?

तुम्ही निपाणीचे, मित्र कॉस्प्ले करणारा, म्हणजे कॉमिक्स-मालिकांतल्या पात्रांचा वेष करणारा, तो बेंगळुरूच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सवाल्यांच्या मेळ्याला, चल म्हणून मागं लागलाय, आणि तुम्हाला वाटतंय की तिथं जाऊन आपण नुसतं उभं राहणार. मी बेळगावातल्या शहापूरचा. तीन वर्षांपूर्वी अगदी हाच प्रश्न माझ्यापुढं होता, म्हणून सविस्तर लिहितोय.

जा. पण बघ्या म्हणून जाऊ नका, मित्राचा मदतनीस म्हणून जा.

कॉस्प्ले हा शब्द जपानी लोकांनी कॉस्च्युम आणि प्ले जोडून केला. गोष्ट मात्र आपल्याला नवी नाही. वैशाखात बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, ती तुम्ही बघितली असेलच. ट्रॉलीवर अफझलखानाच्या भेटीचा सजीव देखावा असतो, पोरांनी दाढी-मिशा चिकटवलेल्या असतात, घामानं डिंक सुटत असतो. आणि ट्रॉलीच्या बाजूनं एक पोरगा पाण्याची बाटली आणि डिंकाची डबी घेऊन पहाटेपर्यंत चालतो. मिरवणूक सगळ्यात जवळून कुणी बघत असेल तर तो. बेंगळुरूत मी त्या पोराचं काम केलं.

माझा मित्र एका जपानी मालिकेतला योद्धा होणार होता. चिलखत त्यानं वडगावात घरीच केलं, ईव्हीए फोमच्या शीटचं. योगा मॅट असते साधारण तसलंच ते. कटरनं कापायचं, हीट गननं गरम करून मांडीवर वाकवायचं आणि गार होईपर्यंत तसंच दाबून धरायचं, म्हणजे तो बाक कायम राहतो. मग पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे तीन-चार हात, प्रत्येक हात वाळू द्यायचा, आणि त्यानंतरच रंग. आधीच रंग दिला तर फोम तो पिऊन टाकतो. बक्कल आणि वेल्क्रो खडेबाजारातून आणले. दोन महिने तो रोज संध्याकाळी हेच करत होता. शेवटचे पंधरा दिवस मी शेजारी बसून घासकाम केलं, आणि तेव्हाच मला त्याच्या वेडाची किंमत कळली. तुम्हीही जायच्या आधी दोन-चार संध्याकाळी मित्राकडं जाऊन बसा.

जायचं कसं? निपाणीला रेल्वे नाही, तेव्हा बेळगावला या आणि रात्रीची गाडी धरा. आम्ही राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं गेलो. गाडीला कित्तूरच्या राणीचं नाव, आणि सकाळी उतरायचं ते स्टेशन तिच्याच सैन्यातल्या संगोळ्ळी रायण्णाच्या नावाचं. त्याला इंग्रजांनी 1831 साली आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिली. पाचशे किलोमीटर लांब जाऊन पहिली पाटी आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या नावाची दिसली, तेव्हा मला फार बरं वाटलं. तिथून जांभळ्या मार्गाची मेट्रो थेट व्हाइटफील्डला जाते. आमच्या वेळी कार्यक्रम तिथल्या केटीपीओ या प्रदर्शन केंद्राच्या हॉलमध्ये होता. तुमचं ठिकाण तिकिटावर बघून घ्या. चिलखत सुटं करून बॅगेत न्या, अंगावर चढवायचं ते तिथं पोचल्यावरच. आत सोडताना तलवारी, ढाली तपासतात. धातूचं, धारदार काही नको.

आता गर्दी. भारतात हा मेळा 2011 मध्ये दिल्ली हाटला सुरू झाला, मग बेंगळुरू, मुंबई, हैदराबादला पोचला. दुपारी हॉलमध्ये खांद्याला खांदा लागतो, फोन धड लागत नाही. एक जागा ठरवून ठेवा आणि दर दोन तासांनी तिथं भेटा. खाण्यासाठी आत रांगेत उभं राहण्यापेक्षा सकाळी बाहेर इडली-वडा पोटभर खाऊन घ्या.

सकाळी रांगेतच त्याच्या खांद्याच्या पत्र्याचा पट्टा तुटला. पत्रा म्हणजे फोमच, पण दिसायला हुबेहूब लोखंड. त्याचा चेहरा उतरला. त्याच्या आईनं निघताना माझ्या हातात एक डबी दिली होती, "हे तुझ्याकडं ठेव रे, तो विसरतोय." आत सुई, जाड काळा दोरा, चार सेफ्टी पिना आणि फेव्हिक्विक. भिंतीकडेला त्याला बसवलं आणि पट्टा शिवायला घेतला. फोममधून सुई सहज जाते, पण दोरा ओढला की फोम फाटतो. म्हणून आतल्या बाजूला पट्टीचा तुकडा धरून त्यातून टाके घालावे लागतात. तेवढ्यात मी पुढच्या पोराला म्हटलं, "स्वल्प सरीरी, बेळकु बरली." जरा सरका, उजेड येऊ दे. तो वळून म्हणाला, "यावूर्री?" कुठल्या गावचे? कन्नडमधल्या त्या 'री'वरून त्यानं ओळखलं की आम्ही इकडचे. तो हुबळीचा निघाला. त्यानं मोबाईलची बॅटरी धरली, मी टाके घातले. तो पट्टा संध्याकाळपर्यंत टिकला.

नंतर दिवसभर लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते. मी बॅग सांभाळली, पाणी पाजलं, दर तासाला त्याला खुर्चीवर बसवलं. चिलखताच्या आत उकाडा भयंकर असतो आणि घातलेल्याला स्वतःहून थांबायचं भान राहत नाही. एक गोष्ट मनापासून सांगतो. फोटो काढायच्या आधी विचारा, आणि वेषातल्या कुणाला न विचारता हात लावू नका, मुलींना तर मुळीच नाही. तसं वागणाऱ्यांना मी आणि हुबळीच्या पोरानं दोनदा अडवलं.

दुपारनंतर मित्राला मी म्हटलं, आता दोन तास माझे. तुम्हीही हे आधीच ठरवून घ्या. मला कॉमिक्समधलं एवढंच माहीत होतं की आजोबांच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आहेत, वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचे. इंद्रजाल 1964 मध्ये वेताळापासूनच सुरू झालं आणि 1990 ला बंद पडलं. चित्रकारांच्या टेबलांकडं गेलो तर तिथं माणसं स्वतः काढलेली पुस्तकं घेऊन बसलेली. मोठमोठ्या स्टॉलपुढं रेटारेटी चाललेली, आणि इथं निवांत बोलायला मिळत होतं. एका मुलीनं मला कच्ची पानं दाखवली. आधी पेन्सिलीची निळी रेघ, त्यावर काळी शाई, आणि बोलण्याचे फुगे सगळ्यात शेवटी, पण त्यांची जागा पहिल्याच दिवशी सोडून ठेवलेली. एका पानाला तीन दिवस लागतात म्हणाली. मी दोन पुस्तकं घेतली, तिनं त्यावर माझ्या नावानं छोटं चित्र काढून दिलं. तुमचे पैसे तिथं खर्च करा.

पुढच्या टेबलावर जुने इंद्रजाल अंक प्लॅस्टिकच्या पाकिटात लावलेले होते, इंग्रजी आणि हिंदी. मराठी एकही नव्हता. विकणारे काका म्हणाले, मराठी अंक असतील तर वाळवी लागू देऊ नका, मुळीच विकू नका. घरी आल्यावर मी पहिल्यांदा ट्रंक उघडली. एकतीस अंक निघाले. आता तेही तसल्याच पाकिटात आहेत.

परतीच्या गाडीत मित्र वरच्या बर्थवर चिलखताची बॅग उशाला घेऊन झोपला होता. यंदाच्या शिवजयंतीला आमच्या गल्लीच्या देखाव्यातल्या दोन मावळ्यांच्या ढाली आणि छातीचे पत्रे त्याच फोमचे होते, त्यानंच केलेले. पहाटे चारला ट्रॉलीच्या बाजूनं सुई-दोऱ्याची ती डबी खिशात घेऊन मी चालत होतो.