पगार थकला हे खरं, पण पंधरा दिवसांचं पत्र कुठाय?

प्रश्न थोडक्यात: मानखुर्दचे एक वाचक, वय २६, दुसऱ्या राज्यातल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबकडून मिडफिल्डला खेळतात. करार ३१ मे २०२७ पर्यंतचा. दरमहा दीड लाख ठरलेले. त्यातले एक लाख खेळाडू करारातले, पन्नास हजार वेगळ्या ‘इमेज राइट्स’ (खेळाडूचं नाव-चेहरा वापरण्याचे हक्क) करारातले. ऑगस्ट २०२५ पासून चार महिने एक रुपया आलेला नाही. टीम मॅनेजर व्हॉट्सॲपवर ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणत राहिला. वैतागून हे नोव्हेंबरच्या मध्याला कॅम्प सोडून घरी आले. आता क्लबची नोटीस आली आहे: विनापरवानगी गैरहजर आहात, सात दिवसांत हजर व्हा, नाहीतर करारभंगाची भरपाई मागू. दुसरा क्लब साठ हजारांवर घ्यायला तयार आहे, पण त्याला एनओसी हवी. जुना क्लब एनओसीच्या बदल्यात ‘माझं काही येणं नाही’ असं लिहून मागतो. एक परदेशी सहकारी थेट फिफाकडे गेला आहे. वाचक विचारतात, सही करू का?

सही करू नका. करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे आपलं येणं सोडून देण्याचा हक्क ज्याचं येणं आहे त्यालाच असतो, आणि त्या कागदावर सही करून तुम्ही तो वापरून बसाल. ‘दबावाखाली सही केली’ हे नंतर सिद्ध करता येतं, नाही असं नाही. पण पुराव्याचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं आणि पाच-सात वर्षं जातात.

जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, हंगाम ‘होल्ड’वर गेल्यापासून याच धर्तीचे प्रश्न येत आहेत. पगार थकला की क्लब चुकीचा ठरतो, हे सगळ्यांनाच कळतं. त्यावर शाई घालवत नाही. तुमचं प्रकरण एकाच गोष्टीवर उभं राहणार किंवा पडणार आहे. कॅम्प सोडण्याआधी तुम्ही क्लबला लेखी मागणी करून पंधरा दिवसांची मुदत दिलीत का? दिली नाहीत. चार महिने व्हॉट्सॲपवर ‘सर, काय झालं?’ विचारत राहिलात आणि एजंट ‘मी बोलतो’ म्हणाला त्यावर विसंबलात. एजंटचं बोलणं फाइलला लावता येत नाही.

फिफाच्या खेळाडू हस्तांतर नियमावलीत २०१८ साली ‘१४ बिस’ हे कलम आलं. किमान दोन महिन्यांचे पगार देय तारखेला मिळाले नाहीत, खेळाडूने लेखी कळवून किमान पंधरा दिवसांची मुदत दिली, आणि त्या मुदतीत क्लबने पूर्ण रक्कम भरली नाही, तर खेळाडूला करार संपवायला योग्य कारण आहे असं धरलं जातं. तिन्ही गोष्टी लागतात. तुमच्याकडे पहिली भरपूर आहे, दुसरी शून्य. म्हणून आज कागदावर चित्र असं दिसतं की क्लबने पैसे दिले नाहीत आणि तुम्ही काम सोडून पळालात. दोघेही दोषी.

इथे एक खाच आहे. फिफाची काही कलमं प्रत्येक देशाच्या महासंघाला जशीच्या तशी घ्यावी लागतात. १४ बिस त्यांत नाही. भारतीय खेळाडू आणि भारतीय क्लब यांचा वाद फिफाकडे जातही नाही, तो एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, प्लेअर स्टेटस कमिटीकडे जातो. तुमचा परदेशी सहकारी फिफाच्या न्यायाधिकरणाकडे गेला तो त्याच्या पासपोर्टच्या जोरावर. त्याची नक्कल तुम्हाला करता येणार नाही. त्यामुळे एआयएफएफची चालू नियमावली आणि तुमच्या करारातलं समाप्तीचं कलम ही दोन्ही आधी वाचा. करारात पंधराऐवजी तीस दिवस लिहिले असतील तर तीस द्या. जास्त मुदत दिल्याने कोणी हरत नाही. सात दिवसांची दिल्याने हरतात.

आता क्लबची नोटीस पुन्हा वाचा. तुम्ही तिला घाबरलात, पण तुमच्या फाइलमधला सगळ्यात कामाचा कागद तोच आहे. क्लब एकीकडे म्हणणार की लीग थांबली म्हणून करार स्थगित, आणि दुसरीकडे सात दिवसांत हजर व्हा म्हणून फर्मान काढणार. करार स्थगित असेल तर हजर कशाला व्हायचं? ती नोटीस लिहिताना करार जिवंत आहे हे क्लबने स्वतःच कबूल केलं.

म्हणून सात दिवस संपायच्या आत दोन गोष्टी एकाच दिवशी करा. पहिली, नोटिशीला उत्तर: मी खेळायला तयार आहे, अमुक तारखेला अमुक मैदानावर सरावाला हजर होतो, पगार थकल्यामुळे राहण्या-जेवण्याचा खर्च भागेना म्हणून घरी आलो होतो. आणि खरंच जा. जेवढे दिवस सराव घेतील तेवढे दिवस करा. गेटवर अडवलं तर तिथूनच ईमेल करा, वेळ लिहून.

दुसरी, थकबाकीचं पत्र. त्यात महिनावार तक्ता हवा: ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, प्रत्येकाची देय तारीख आणि रक्कम. नोव्हेंबरची देय तारीख उलटली आहे का ते करारात बघून मगच तो महिना घाला. न पिकलेला पगार मागितला की समोरचा वकील त्याच चुकीवर दोन पानं लिहितो. ‘हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम व्याजासह जमा करा, अन्यथा योग्य कारणास्तव करार संपवण्याचा हक्क मी राखून ठेवतो’ एवढं वाक्य पुरे. बँक खात्याचा तपशील पत्रातच द्या, म्हणजे ‘खातं माहीत नव्हतं’ हे रडगाणं नको. इमेज राइट्सची थकबाकी वेगळ्या परिच्छेदात लिहा. तो करार बहुधा वेगळ्या कंपनीशी असतो, त्यात लवादाचं वेगळं कलम असतं, आणि कमिटी ते पैसे पगार मानेल की नाही हे सांगता येत नाही. रक्कम तुमच्या खेळण्याशीच जोडलेली आहे आणि कोणतीही जाहिरात वगैरे झालीच नाही, हे दाखवता आलं तर मानण्याची शक्यता वाढते. दोन महिन्यांचा हिशेब मात्र निव्वळ एक लाखाच्या पगारावरच करा.

पत्र स्वतःच्या ईमेलवरून, करारात लिहिलेल्या पत्त्यावर, आणि क्लब चालवणाऱ्या कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावर स्पीड पोस्टने पाठवा. तो पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर मिळतो. रजिस्टर एडी मागायला जाऊ नका. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. पोच मिळाल्याचा पुरावा मागून घ्या, कारण पंधरा दिवस तिथूनच मोजायचे आहेत. प्रत एआयएफएफला आणि फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडियाला द्या.

क्लब तेराव्या दिवशी एका महिन्याचा पगार टाकेल. ही जुनी चाल आहे. पैसे घ्या, आणि त्याच दिवशी लिहा: अंशतः रक्कम मिळाली, बाकी इतकी, मुदत कायम. ‘थँक यू सर’ म्हणून थांबू नका. उरलेली बाकी दोन महिन्यांपेक्षा कमी झाली तर मात्र करार संपवण्याआधी वकिलाला विचारा, तिथे वाद होऊ शकतो.

आणि मुदत संपली म्हणून करार आपोआप संपत नाही. सोळाव्या दिवशी दुसरं पत्र लागतं: करार आजपासून संपवत आहे. यातही खेळाडू चुकतात. पहिलं पत्र टाकतात आणि थेट नव्या क्लबच्या फोटोत दिसतात.

या दोन पत्रांची किंमत बघा. निव्वळ एक लाखाचा पगार धरू. डिसेंबरअखेर करार नीट संपवला तर तोपर्यंतचे पाच लाख थकीत. पुढच्या सतरा महिन्यांचे सतरा लाख, त्यातून नव्या क्लबचे साठ हजारांनी होणारे दहा लाख वीस हजार वजा, म्हणजे सहा लाख ऐंशी हजार. फिफाच्या सूत्राप्रमाणे वर आणखी तीन महिन्यांच्या पगाराची भर पडू शकते. एआयएफएफची कमिटी हेच सूत्र तंतोतंत लावेल असं मी लिहून देणार नाही, पण दिशा तीच असते. पत्राशिवाय थकीत रक्कम तेवढी मागता येईल, आणि त्यावर क्लबचा भरपाईचा उलटा दावा. नवा क्लब एनओसीसाठी अडून बसला आहे तो त्याच भीतीने, की करारभंगाचं लफडं आपल्या गळ्यात यायचं. त्याला दोन्ही पत्रांच्या प्रती दाखवा. योग्य कारणाने करार संपलेल्या खेळाडूची नोंदणी ट्रान्सफर विंडोबाहेरही (खेळाडू नोंदणीच्या ठरलेल्या काळाबाहेरही) होऊ शकते. तुम्ही या हंगामात आधी कुठे नोंदलेले होतात तेवढं तपासा, एका हंगामात तीनच क्लबांकडे नोंदणी आणि दोघांकडूनच अधिकृत सामने, अशी मर्यादा आहे.

‘लीगच नाही तर पगार कसला’ या युक्तिवादाबद्दल. करारात फोर्स मेज्यूरचं (अकल्पित संकटात जबाबदारीतून सूट देणारं) कलम असेल तर त्याचे शब्दच बोलतील. सर्वोच्च न्यायालयाने एनर्जी वॉचडॉग प्रकरणात २०१७ साली सांगितलं आहे की करार पाळणं महाग पडतं एवढ्याने कोणी मोकळा होत नाही. त्यातून नोव्हेंबरमध्ये कॅम्प चालू होता, म्हणजे क्लब तुमच्याकडून काम घेत होता. एआयएफएफने लीग चालवणाऱ्या कंपनीशी केलेला पंधरा वर्षांचा हक्ककरार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे २०१० सालापासून कागदावर होतं, त्यामुळे ‘अकल्पित संकट’ म्हणणंही जड जाईल. तरी तुमचा करार न बघता यावर पैज लावणार नाही.

दिवाणी कोर्टाचा विचार करत असाल तर सोडा. लवादाचं कलम असेल तर लवाद कायद्याच्या कलम ८ खाली वाद लवादाकडे पाठवला जाईल, तोही एक-दोन वर्षं तारखा पडल्यावर. एआयएफएफच्या स्वतःच्या घटनेचा वाद २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात गेला तो सप्टेंबर २०२५ मध्ये निकाली निघाला. मिडफिल्डरची अख्खी कारकीर्द तेवढी असते. नवीन वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. व्यावसायिक फुटबॉलपटू तिच्यातल्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसतो का, याचं उत्तर घाईने देण्यात अर्थ नाही. फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) मात्र काढा. क्लबने टीडीएस पगार म्हणून कापला की व्यावसायिक शुल्क म्हणून, ते त्यात दिसेल, आणि न दिलेल्या महिन्यांचा टीडीएस भरलेला दिसला तर ती आयती कबुली.

व्हॉट्सॲपवरचे ते ‘नक्की’ पुसू नका, फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ फोनवरून देणं सोपं जातं. टीम मॅनेजरला क्लबच्या वतीने देणं कबूल करण्याचा अधिकार होता का, हा प्रश्न येईल. म्हणून अकाउंट्स विभागाचा एखादा ईमेल असेल तर तो जास्त वजनाचा.

क्लबची नोटीस तुमच्या हातात पडली ती तारीख तुम्ही कळवलेली नाही. पाकिटावरचा शिक्का बघा आणि सात दिवस तिथून मोजा. दोन-तीन दिवसच उरले असतील तर हजर होण्याचा ईमेल आज रात्री, आणि थकबाकीचं पत्र उद्या पोस्ट उघडल्याबरोबर.